खळ्यावरचं पाणी

विश्रामबाग

सांगलीच्या विश्रामबागेत पायाखाली माती लागत नाही. रस्ता डांबराचा, अंगण फरशीचं आणि उरलेली माती कुंड्यांत. इथल्या एका कॉलेजात मातीचाच विषय शिकवणाऱ्या डॉ. मंगल यांनी कार्तिकात एकदा विचारलं, कोयनेच्या वर जंगलातली माती मोजायला जायचंय, येता का. माती कशानं मोजतात, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "घमेल्यानं." मग हसल्या आणि गाडीची डिकी उघडून दाखवली. आत एक पोलादी कांडी होती. तिच्या टोकाला शंकू आणि वर मुठीजवळ घड्याळासारखी तबकडी. तबकडीवर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. शिवाय तळ नसलेल्या डब्यासारख्या रुंद लोखंडी कड्या, लांब फीत आणि पाण्याचे रिकामे कॅन. पाणी तिथे भरपूर आहे, इथून कशाला न्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे म्हणणं पुढे दोघांच्या खांद्यांना महागात पडलं.

जंगलतोड म्हटलं की आपण झाडं मोजतो. किती पडली, किती उरली. वर्तमानपत्रात असताना अशा बातम्या मी पुष्कळ लिहिल्या आणि त्यांत माती हा शब्द आल्याचं आठवत नाही. डॉ. मंगल यांचं काम तिथून पुढे सुरू होतं. झाड पडल्यावर ओंडका बाहेर ओढून न्यावा लागतो. तो नेताना जमीन किती खरवडली, किती दबली आणि ती पूर्ववत कधी होईल, हे त्या मोजतात.

या वेळचं बोलावणं सरकारी नव्हतं. कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका वाडीत बजरंग नावाचे निवृत्त हवालदार राहतात. त्यांच्या मालकीच्या डोंगरउतारावर सदाहरित रान आहे. वरच्या निम्म्या रानातली झाडं गेल्या वर्षी रीतसर परवानगी काढून तोडली गेली आणि ओंडके ट्रॅक्टरनं ओढून नेले. आता लाकडाचा व्यापारी खालचं निम्मं मागत होता. त्याला हवालदारांनी रविवारपर्यंत थांबवलं होतं. कराडच्या एका मेळाव्यात त्यांनी डॉ. मंगल यांचं भाषण ऐकलं होतं. फोन करून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "वरची जमीन पहिल्यासारखी कवा हुईल? तेवढं सांगा. खालची द्यायची का न्हाई, ते मग मी बघतो."

वाडी

पाटण मागे पडल्यावर रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो आणि सांगलीकराच्या डोळ्यांना सवयीचं सगळं संपतं. आमच्याकडे हिरवा रंग म्हणजे ऊस, आणि तो एकाच उंचीचा. इथे हिरव्याखाली हिरवं होतं आणि त्याच्याही खाली सावली. डॉ. मंगल आटपाडीकडच्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आता थोडी डाळिंबं आहेत. त्या म्हणाल्या की त्यांच्या गावात माणूस घराबाहेर पडला की आधी वर आभाळाकडे बघतो. इथल्या माणसाला वर बघायची गरजच पडत नसेल.

हवालदारांचं घर रस्त्याला लागून. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा. ओटीवरच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत हात जाईल एवढी भेग होती. हवालदारांनी आमची नजर पाहिली आणि सांगितलं की ही भेग आम्ही पोसलीय, दर दोन-चार वर्षांनी वाढते. खालचं रान विकलं तर पिलरचं घर बांधायचं, एवढाच त्यामागचा हिशेब. हे घर सुमनवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला हवं होतं. हवालदार बावीस वर्षं बाहेर आणि त्या या भिंतीखाली, दोन मुलींना घेऊन. त्यामुळे त्यांचं हवंपण रास्तच होतं.

मग अडचण काय? अडचण पाण्याची. खालच्या रानाच्या पायथ्याला एक झरा आहे. त्याचं पाणी नळीनं वाडीच्या टाकीत येतं. वरचं रान तोडल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात टाकीतलं पाणी लाल झालं. नेमकं तोडीमुळेच झालं, की दरड घसरली, की आणखी काही, यावर वाडीत दोन तट पडले होते.

चहा उकळत असताना फळीवरच्या ताटल्या खुळखुळल्या. जमिनीखालून अवजड मालगाडी गेल्यासारखा घुमा आवाज झाला आणि थांबला. मी उभा राहिलो होतो. भूकंपाचे हादरे इथे नेहमीचे, बाकी कोणी हललं नव्हतं. सुमनवहिनींनी पातेलं उतरवलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हटलं, "घ्या. तुमच्या पावण्यास्नी बी भेटून गेला."

वरचं रान

तोडलेलं रान दुरून तितकं वाईट दिसत नव्हतं. मधेमधे झाडं उभी होती, बुंध्यांना धुमारे फुटले होते. जवळ गेल्यावर वाट दिसली. ट्रॅक्टर जिथून आला-गेला आणि मागे तारेला बांधून ओंडके फरपटत नेले, तिथे डोंगराची कातडी सोलल्यासारखा लाल पट्टा वरून खाली उतरत होता. चाकोऱ्या गुडघाभर खोल. त्यांत साचलेलं पाणी पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी तसंच होतं. चिखलात गव्याचे खूर उमटलेले. रस्ता तयार असल्यावर गवाही रानातून वाट कशाला काढेल? त्या प्रत्येक खुरात पाणी होतं आणि आभाळाचा एकेक तुकडा.

काम साधं होतं आणि कंटाळवाणं. उतारावर आडवी फीत लावायची. ठरावीक अंतरावर थांबून पायाखाली काय आहे ते नोंदवायचं: पाला जागेवर आहे, पाला सरकलाय, वरची काळी माती गेलीय, खालची तांबडी उघडी पडलीय. मग कांडी सरळ धरून हळूहळू दाबायची आणि काटा कोणत्या पट्ट्यात जातो ते पाहायचं: हिरव्यात गेला तर माती मोकळी, लालात गेला तर दबलेली. काटा वाचायचं काम हवालदारांनी आपण होऊन घेतलं आणि पहाऱ्यावरच्या आवाजात पार पाडलं. "हिरवा!" असं ते ओरडायचे तेव्हा समोरच्या डोंगरावरून "वा" परत यायचा. वाटेवर मात्र बराच वेळ परत येणारं अक्षर "ल" होतं.

त्यानंतर पाणी. कडी जमिनीत थोडी ठोकून बसवायची, आत पाणी ओतायचं आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. पाणी खालच्या झऱ्यावरून खांद्यावर आणायचं होतं. राज्यातल्या सर्वांत ओल्या मुलखांपैकी एकात आम्ही दुष्काळी गावासारखे कॅन घेऊन चढत होतो. एकदा माझा पाय घसरला आणि अर्धं पाणी माझ्यावरच मुरलं. हवालदारांनी गंभीरपणे विचारलं, "ह्ये हिरव्यात लिवायचं का लालात?"

वाटेवर ओतलेलं पाणी कडीत उभं राहिलं. आम्ही डबा सोडला. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी आणि काळ्या तिळाची चटणी. सांगलीत भाकरी ज्वारीची आणि ती पांढरी असली की सुगरणीचं नाव होतं. ही काळी भाकरी तोंडात घोळवावी लागते आणि मग तिची गोडी कळते. जेवण झालं, हात धुतले, तरी कडीतलं पाणी जवळपास तेवढंच.

हवालदारांनी पुन्हा विचारलं, ही जमीन कधी सुधारेल. डॉ. मंगल यांनी हातचं राखून उत्तर दिलं. वाट एका वर्षाची आहे. आज दबलेली आहे, एवढं सांगता येतं. दहा वर्षांनी काय, वीस वर्षांनी काय, हे सांगायला दहा आणि वीस वर्षं जुनी वाट याच डोंगरावर, याच मातीत सापडायला हवी. ती नाही. हवालदार म्हणाले की म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, नाही. वाटेवर नांगर घातला तर, असं हवालदारांनी विचारलं. सपाटीवर चाललं असतं, या उतारावर पहिलाच पाऊस सगळी माती झऱ्यात नेईल, असं त्यांनी सांगितलं. हवालदारांनी मान हलवली. रविवारला एकच दिवस मधे होता.

खालचं रान

तोडलेल्या जमिनीचं मोजमाप न तोडलेल्या जमिनीशी ताडून पाहावं लागतं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी आम्ही खालच्या रानात उतरलो.

आत शिरताच बोलणं आपोआप कमी झालं. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, आणि वर त्यांच्या एकमेकांत गेलेल्या फांद्या. पाल्याचा थर इतका जाड की पाऊल टाकल्याचा आवाज येत नव्हता आणि पाऊल उचलल्यावर जमीन सावकाश वर येत होती. डॉ. मंगल गुडघ्यावर बसल्या आणि पाला बाजूला करून त्यांनी नुसता हात मातीत घातला. मनगटापर्यंत गेला. त्यांनी मलाही घालायला सांगितलं. आत थंड होतं, ओलसर, बारीक मुळांचं जाळं लागत होतं आणि त्या जाळ्यात काहीतरी सतत हलत होतं. जिवंत जनावराच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागतं तसं. मी हात काढला आणि पाला परत त्यावर सारला.

पहिली कडी बसवून पाणी ओतलं. ओतताना ते साचलंच नाही. डॉ. मंगल यांचं बोट घड्याळाच्या बटणावर होतं आणि दाबायची वेळ येण्याआधीच तळ कोरडा झाला. दुसरा कॅन ओतला, तोही गेला. एवढा मोठा पाऊस या डोंगरावर पडतो आणि खाली झरा मात्र बाराही महिने बारीक, स्वच्छ वाहतो, याचं कारण डोळ्यांसमोर होतं. डोंगर पाणी पीत होता, आणि पुरवून पुरवून देत होता. डॉ. मंगल यांनी नोंद केली आणि मग उगाचच आणखी थोडं पाणी ओतून पाहिलं. शास्त्रासाठी त्याची गरज नव्हती.

मधल्या टप्प्यावर थोडी सपाटी होती. तिथे कुऱ्हाडीचं चिन्ह नव्हतं. झाडं जरा किरकोळ, मधे कारवी. फीत सपाटीवरून सरळ नेली. हवालदार ओरडत होते. हिरवा. हिरवा. हिरवा. मग ते थांबले. कांडी अर्धी वीतही आत गेली नव्हती.

"मॅडम, ह्यो लाल म्हणतोय."

दगड लागला असेल म्हणून जागा थोडी बदलली. लाल. पुढची जागा, लाल. डॉ. मंगल यांनी कांडी घेतली, मागे जाऊन मऊ जागी दाबून पाहिली. सरळ आत गेली. म्हणजे उपकरण ठीक होतं. परत सपाटीवर लाल. मग अचानक एका जागी कांडी लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत गेली आणि त्यांचा तोल गेला. त्याच्या पुढे पुन्हा लाल, लाल आणि मग शेवटी हिरवा.

त्यांनी फीत गोळा केली आणि आडवी टाकली. पुन्हा तेच. कडेला मऊ, आत कठीण, बरोबर मध्यावर मऊ, पुन्हा कठीण, पुन्हा मऊ. त्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या. स्वतःभोवती एकदा फिरल्या आणि चारी बाजूंचं अंतर नजरेनं मोजलं. दोन दिवस त्या माझ्याशी कॉलेजातलं मराठी बोलत होत्या. आता त्या हवालदारांना म्हणाल्या ते आटपाडीचं होतं:

"आवं, ह्ये खळं हाय. आन मी तिवड्यावर उभी हाय."

मळणीच्या खळ्यात मधोमध एक खांब पुरतात, तो तिवडा. त्याला बांधून बैल गोल फिरवायचे, पायांखाली कणसं. लहानपणी त्यांनी बाजरीच्या मळणीला बैलांची पात धरली होती. खळं करताना जमीन भिजवायची, भुसा टाकून बैलांनी तुडवायची, चोपण्यानं चोपायची आणि शेणानं सारवायची, दर वर्षी. खांबाचं लाकूड कुजून गेलं, तेवढी जागा मऊ झाली. बाकी वर्तुळ तसंच होतं. त्यावर रान उगवलं होतं, पण खळ्यावरची झाडं बाजूच्यांपेक्षा खुरटी होती. आम्ही सगळे दोन दिवस झाडांकडे बघत होतो आणि हे एवढं उघड लिहिलेलं कुणालाच दिसलं नव्हतं.

हवालदार खाली बसले. आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, खळ्याचं नाव घेतल्याचं त्यांना आठवत होतं. पण ते धरणाच्या पाण्याखाली गेलं असंच ते समजत होते.

खळ्यावर कडी बसवताना हातोडी लागली. पाणी ओतलं. ते उभं राहिलं.

आबा

आबा थकलेले आहेत, डोळ्यांनी अधू, पण बोलणं खणखणीत. संध्याकाळी ओटीवर त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "तिवडा हाय का?" नाही म्हटल्यावर म्हणाले की खैराचा होता, वाळवीला बरेच दिवस पुरला असेल.

मग त्यांनी सांगितलं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. खालची वाडी उठली. बहुतेक घरं दूरच्या मुलखात गेली, यांच्यासारखी थोडी वर रस्त्याकडे सरकली. वरची नाचणीची शेतं बुडाली नाहीत, पण मळणीला माणसं उरली नाहीत आणि बैलही. शेतं पडीक झाली. डॉ. मंगल यांनी विचारलं की त्यानंतर त्या खळ्यावर कधी कुणी गुरं घातली, काही केलं? आबा म्हणाले, पाऊलसुद्धा नाही.

थोडं थांबून ते म्हणाले, "जमीन सोडताना खळं मोडायचं आसतं. नांगर घालून. आमच्या वाडीची रीतच व्हती. म्हंजी जमीन मोकळी हुती. पर त्या साली कुनी मोडलं न्हाई."

"का?" हवालदारांनी विचारलं.

"परत येणार व्हतो की."

आत सुमनवहिनी तांदूळ निवडत होत्या, तो सुपाचा आवाज थांबला होता.

नंतर डॉ. मंगल यांनी हवालदारांना नीट समजावलं. खळं आणि ट्रॅक्टरची वाट एकच नव्हे. खळं कित्येक पिढ्यांनी मुद्दाम चोपलेलं, वाट एका हंगामाची. पण काटा दोन्हीकडे त्याच पट्ट्यात गेला. जी जुनी जागा मला हवी होती ती सापडली. एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलं, वर पाऊस पडत राहिला, रान उगवलं, मुळं शिरली, तरी जमीन मोकळी झालेली नाही. तुमच्या वाटेला नेमकी किती वर्षं लागतील, हे मी अजूनही सांगू शकत नाही. तुमच्या हयातीत होईल असं मात्र म्हणणार नाही.

हवालदारांनी खळ्याच्या नियमांबद्दल आबांना काहीतरी विचारलं. आबा म्हणाले, नियम कसला, खळ्यावर पायताण घालून जायचं नाही, एवढंच. धान्याची जागा.

रविवार

व्यापारी वेळेवर आला. पाटणकडचा, बोलायला मऊ, पायात पांढरे बूट. रान आवडलं असल्याचं त्यानं सांगितलं. ट्रॅक्टर कुठून न्यायचा तेही त्याच्या डोक्यात तयार होतं. उतारावर एकच सपाट टप्पा आहे, तिथे गाडी फिरवायची आणि ओंडके जमा करायचे. हवालदार म्हणाले, चला, बघू.

सपाटीच्या कडेला ते एका मुळावर बसले. बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट टाच टाचेला लावून ठेवले.

"पायताण काढा. पुढं खळं हाय."

व्यापाऱ्यानं चहूकडे पाहिलं. रान होतं. त्यानं डॉ. मंगल यांच्याकडे पाहिलं. त्यांच्याही चपला कडेला होत्या, माझेही बूट होते. भल्या माणसासारखं त्यानं बूट काढले आणि मोज्यांवर दोन पावलं पुढे आला.

"कुठाय खळं?"

"तुमी हुबं हाय ते."

मग त्याला कडी दिसली. आदल्या दुपारची, आम्ही मुद्दाम ठेवलेली. पाणी खाली गेलं होतं, पण होतं. त्यात जांभळीचं एक पान पडलं होतं. हे पाणी कधीचं, असं त्यानं विचारलं. हवालदारांनी सांगितलं. व्यापारी वाकला, बोट बुडवून त्यानं पाहिलं आणि काही वेळ बघत राहिला. खळ्याच्या कडेबाहेर, हिरव्या जागेत हवालदारांनी कॅनमधलं पाणी ओतून दाखवलं, ते दिसेनासं झालं.

व्यापारी तयारीचा होता. चाकांखाली पाला टाकू, फांद्या अंथरू, झऱ्याच्या अंगाला जाणारच नाही, असं तो समजुतीनं बोलत राहिला. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं समदं खरं," ते म्हणाले. "पर खळ्यावर पायताण चालत न्हाई. टॅक्टर आणा. चाकं तेवढी काढून आणा."

व्यापाऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग तो हसायला लागला आणि हसतच बूट घालायला गेला. त्याला कळलं होतं. जाताना त्यानं हवालदारांचा हात हातात घेतला आणि मन बदललं तर नंबर आहेच, असं सांगितलं.

डॉ. मंगल यांनी कडी उपटली. उरलेलं पाणी पसरलं आणि खळ्याच्या कडेपर्यंत वाहत गेलं. कडेला पोचल्यावर मुरलं.

घरी परतलो तेव्हा सुमनवहिनी दारात होत्या. काय ठरलं, हे त्यांनी तोंडावरून वाचलं असावं. हवालदारांनी भेगेकडे पाहत सांगितलं की या वर्षी गिलावा करून घेऊ, लोखंडी पट्टी मारू, पुढचं पुढे बघू.

"करा," वहिनी म्हणाल्या. "आन भूकंपाला बी सांगून ठिवा. आला तर पायताण काढून ये म्हणावं."

मग हंडा उचलून त्या टाकीवर गेल्या. तोटी सोडल्याचा आवाज आला. हंडा भरेपर्यंत त्या आत वाकून बघत उभ्या होत्या. पाणी स्वच्छ होतं.